बाभळीतले सारखेच दिसणारे वॉर्बलर कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बाभळीत दोन आणि पाणकणसात एक असे तीन मातकट वॉर्बलर (किडे टिपणारे चिमुकले पक्षी) दिसले, ते वेगळे कसे करायचे. पहिलं म्हणजे रंगावर जाऊ नका. तिथे चापडगावच्या बाजूला सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात तांबूस वाटलेला पक्षी दहा वाजता करडा दिसतो. मी दोन हिवाळे रंगावरूनच नोंदी केल्या आणि नंतर त्या खोडाव्या लागल्या.

आधी कान लावा. झुडपाच्या आतून थांबून थांबून, दोन गोट्या आपटल्यासारखा टणक 'चक्... चक्' आला तर तो बहुतेक ब्लिथ्स रीड वॉर्बलर. बूटेड वॉर्बलरही असंच काहीसं बोलतो, पण हलकं आणि कोरडं. म्हणून नुसत्या आवाजावर शिक्का मारू नका, पक्षी फांदीवर येईपर्यंत दम धरा.

आला की शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूची पिसं बघा. खरी गंमत तिथे आहे. ब्लिथ्समध्ये ती लांब असतात, त्यामुळे मागचा भाग भरीव वाटतो, आणि शेपटीचं टोक गोलसर असतं. बूटेड आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या साइक्स वॉर्बलरमध्ये ती आखूड असतात. शेपटी खालून उघडी, सरळ पट्टीसारखी दिसते, तिच्या कडेची पिसं फिकट असतात. ब्लिथ्सचं कपाळ उतरतं, चोच लांब, भुवई म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ डोळ्यापाशीच विरते. बूटेडचं डोकं गोल, चोच लहान, भुवई डोळ्याच्या मागेही जाते.

बूटेड आणि साइक्स ही जोडी मात्र अवघड. साइक्सची चोच आणि शेपटी लांब असते. खालच्या चोचीचं टोक बूटेडमध्ये काळसर, साइक्समध्ये साधारणपणे फिकटच. कर्नल साइक्सने 1832 साली या पक्ष्याचं वर्णन केलं ते आपल्या दख्खनमधल्याच नमुन्यावरून, त्यामुळे मला त्याचं विशेष अप्रूप आहे. चोच नीट दिसली नाही तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'बूटेड/साइक्स' असा एकत्र पर्याय आहे, तो निवडा. चुकीच्या नोंदीपेक्षा ती अर्धी नोंद कितीतरी मोलाची.

पाणकणसातला तिसरा, ज्याची पांढरी भुवई ठळक होती असं तुम्ही लिहिलंय, तो पॅडीफिल्ड वॉर्बलर असावा. त्या भुवईच्या वर गडद रेघ आहे का, तेवढं फोटोत मोठं करून बघा.