रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबवलेली गोळी

"थायरॉईडची गोळी बंद केली, आता अंग जड झाले आहे आणि कशात मन लागत नाही, काय करू?" सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे, की त्यातला एक अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगावासा वाटतो.

एप्रिलची दुपार होती, पारा चाळिशीपार गेला होता आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक ताई दोन्ही खांद्यांवर पदर ओढून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सर, पंखा जरा कमी करता का?" घरच्यांनी त्यांच्या थकव्याला आळस ठरवले होते आणि त्यांनाही ते पटू लागले होते. पंख्याचे ते वाक्य ऐकून मी उदासीचा विषय बाजूला ठेवला आणि आधी औषधांची चौकशी केली.

"थायरॉईडची गोळी होती. रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून जानेवारीत बंद केली. पहिले पंधरा दिवस काहीच झाले नाही, तेव्हा वाटले, सुटले एकदाची."

रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आला होता. ग्रंथी जे संप्रेरक पुरेसे तयार करत नाही, तेच गोळीतून मिळते आणि त्याचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात. म्हणून त्रास उशिरा, हळूहळू सुरू होतो आणि त्याचा संबंध गोळीशी जोडला जात नाही.

मी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितले, पण पुढच्या भेटीपर्यंत त्या गेल्याच नव्हत्या. कारण विचारल्यावर बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "परत सुरू केली, की मी जन्माची रोगी ठरणार. आधीसुद्धा सासूबाईंना दिसू नये म्हणून पट्टी तांदळाच्या डब्यात ठेवत होते."

"मशीनची बॉबिन संपली, तर मशीन बाद झाली म्हणता का?"

त्या थबकल्या. मग हाताने कापड उलटल्यासारखे करत स्वतःच म्हणाल्या, "बॉबिन संपली तरी मशीन चालतच राहते, सर. कापड उलटून पाहिल्यावर कळते, टाका पडलाच नव्हता."

इतके नेमके मला सांगता आले नसते. माणसाला घटनेपेक्षा तिला दिलेला अर्थ अधिक छळतो, असे मी मानत आलो आहे. परंतु त्यांची थंडी शरीराची होती आणि ती माझ्या बोलण्याने जाणार नव्हती. डॉक्टरांच्या दारात जाण्यापासून अडवणारा 'रोगी' हा शब्द तेवढा माझ्या हाती होता.

अशा अवस्थेतील प्रत्येकाला मी हेच सांगतो, की चुकल्याची लाज न बाळगता "इतके दिवस बंद होती" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी, कारण वय किंवा हृदयविकार पाहून ती कमी ठेवावी लागते. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एका तासाने घ्यावा आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या तिच्यापासून 4 तासांच्या अंतराने घ्याव्यात. आराम पडायला काही आठवडे लागतात, टीएसएचची, म्हणजे मात्रा पुरेशी आहे का हे दाखवणारी रक्ताची तपासणीही 6 ते 8 आठवड्यांनी होते. तोवर कामाचा बोजा कमी करणे हा आळस नव्हे. गर्भवतींनी मात्र डॉक्टरांकडे जायला एक दिवसही थांबू नये, आणि गुंगी, गोंधळलेपण किंवा धाप जाणवल्यास थेट रुग्णालय गाठावे.

जूनमध्ये ताईंची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली. थकवा अजून पूर्ण गेलेला नाही. पट्टी मात्र आता मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी असते.