चिपचा शेअर नि पेटीचा भाव

प्रश्न: ताई नमस्कार, आंब्याचे थोडे पैसे हातात आलेत आणि भाचा मुंबईहून रोज फोन करून सांगतो की मामा गुजरातेत धोलेऱ्याला टाटांचा चिपचा कारखाना होतोय, शेअर घेऊन टाक. कुठला घेऊ?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर: दादा, भाच्याला आधी विचारा शेअर नक्की कुठल्या कंपनीचा, कारण तो कारखाना टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, तैवानच्या पीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीबरोबर, ९१,००० कोटींचा, २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने मंजूर केलेला, पण ती कंपनी शेअर बाजारात लिस्टेडच नाहीये, म्हणजे तिचा शेअर बाजारात विकत मिळतच नाही! मग लोक काय करतात, नावात टाटा दिसलं की दुसरंच काहीतरी घेऊन बसतात.

आणि चिपच्या सगळ्या कंपन्या एकाच धंद्यात नसतात हो. एनव्हिडिया डिझाईन करते, बनवून देते तैवानची टीएसएमसी, नि एकदम बारीक चिपसाठी लागणारं, प्रकाशाने चिपवर नक्षी छापणारं ईयूव्ही मशीन जगात एकटी नेदरलँडची एएसएमएल बनवते. मेमरी चिपचं, म्हणजे फोन-कॉम्प्युटरात माहिती साठवणाऱ्या चिपचं तर तुम्हाला सांगायलाच नको, मे महिन्यात सगळ्यांचा हापूस एकदम वाशीला उतरला की पेटीचं काय होतं? तस्संच. माल जास्त झाला, भाव पडले, आणि २०२३ मध्ये मायक्रॉनसारखी मेमरी चिप बनवणारी मोठी कंपनीसुद्धा तोट्यात गेली.

फवारणीचे नि खताचे पैसे यात अजिबात घालू नका. उरले त्यातले थोडे, पाच-सात वर्षं लागणार नाहीत असे, ते म्युच्युअल फंडात घाला, एकाच शेअरात नको.