टिनाच्या छपराची पन्हाळ जोराच्या पावसात भरून पाणी भिंतीवर येतं, काय करावं?

पन्हाळ बदलायच्या आधी उतार पाहा. वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. मध्येच साचलं तर तिथली पन्हाळ धरणारी पट्टी खाली बसली आहे. १० फुटांमागे अर्धा इंच उतार पुरतो. पट्ट्या दोन-अडीच फुटांवर हव्यात, गावाकडे चार-चार फुटांवर ठोकून मोकळे होतात! पत्र्याची कडाही पन्हाळीत दोनेक इंच आत यायला हवी.

उतार बरोबर असेल तर पाइपाचं तोंड तपासा, कडुनिंबाच्या काड्या तिथंच अडकतात. ५० चौरस मीटर छपरावर २० मिमी पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी. दोन इंची पाइप कचऱ्यानं लवकर तुंबतो. चार इंची लावा.

सांध्यांना सिलिकॉन उघाडीत, कोरड्या पत्र्यावरच लावा.