घरी ‘गारी’, ऑफिसात ‘गाडी’

प्रश्न : आम्ही घणसोली गावातले, घरी आगरी बोलतो. ऐरोलीच्या ऑफिसात तोंडून ‘पानी’, ‘गारी’ निघालं की मराठी सहकारीच हसतात. म्हणून त्यांच्याशी हिंदीत बोलू लागलो. हा ढोंगीपणा झाला का?

उत्तर : ढोंग कसलं? माणूस बघून बोली बदलायची सवय जुनीच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांचा १९७१चा अभ्यास आहे. तिथे कन्नड, मराठी, उर्दू नांदत होत्या. घरची भाषा कुणी टाकली नव्हती, पण रोजच्या देवघेवीत वाक्यांची ठेवण इतकी सारखी झाली होती की शब्दाजागी शब्द ठेवला की भाषा बदलायची.

आगरीत ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि शब्दाच्या मधल्या ‘ड’चा ‘र’. ‘डोंगर’ तसाच राहतो, ‘आडून’चं मात्र ‘आरून’ होतं. म्हणजे हा नियम आहे, जिभेची चूक नव्हे. गंमत अशी, की हिंदीत तुम्ही ‘पानी’च म्हणता, तेव्हा कुणी हसत नाही!

प्रेझेंटेशनपुरते दहा-बारा शब्द घोटून ठेवा : वेळ, अडचण, धोरण, मिळाला. ‘ळ’ला जीभ मागे वळवून टाळूला लावायची. चहाच्या टपरीवर मात्र आपलं तेच बोला. कुणी हसलं तर शब्द सुधारून पुन्हा म्हणू नका, त्यानेच ती चूक ठरते. ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ एवढं सांगून पुढचं बोला.

खरी अडचण हिंदीची आहे. एखाद्याशी एक भाषा पडली की ती सुटत नाही. जुन्या सहकाऱ्याशी बोलता बोलता मध्येच भाषा बदलली तर दोघंही अवघडतात. जागा बदलली की बदला, जेवताना किंवा स्टेशनवर. टीममध्ये नवा मराठी माणूस आला तर पहिलं वाक्यच मराठीत टाका.

प्रश्न : सातवीतली मुलगी ‘माझी मदत कर’, ‘मी बोलली’ असं बोलते. घरात इंग्रजी शब्द बंद करावेत का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : इंग्रजी शब्दांनी काही बिघडत नाही. ‘मीटिंग पोस्टपोन झाली’ यात मीटिंग स्त्रीलिंगी, क्रियापद मराठी, वाक्य आपलंच. तुमच्या मुलीच्या वाक्यात शब्द मराठी आहेत, पण सांगाडा हिंदीचा : ‘मेरी मदद करो’, ‘मैं बोली’. टोकू नका, उत्तरातच नीट रूप येऊ द्या : ‘हो, करते की तुला मदत.’ ‘आपण’ आणि ‘आम्ही’वर जास्त लक्ष ठेवा. हिंदीत दोन्हीला ‘हम’, म्हणून हा फरक पटकन पुसला जातो. ‘आम्ही पिक्चरला जाऊ’ म्हणाली, तर ‘आणि मी नाही का?’ असं विचारा. ‘पेन मिळाला’ऐवजी ‘पेन भेटला’ बऱ्याच बोलींत चालतं. त्यावरून घर डोक्यावर घेऊ नका.

प्रश्न : टीममध्ये एक तमिळ सहकारी आहे. तिच्यासमोर आम्ही दोघी मराठीत बोललो तर उद्धटपणा होतो का? (वाशी)

उत्तर : कामाचं असेल तर होतो. तारखा, आकडे, निर्णय तिला कळणाऱ्या भाषेतच बोला. मराठीत गेलात तर तिथल्या तिथे एका वाक्यात सार सांगा. डब्याच्या वेळी खुशाल मराठीत बोला. आणि तिने ‘जेवण झालं का?’ विचारलं, तर इंग्रजीत उत्तर देऊ नका. मराठीतच, जरा सावकाश.