कोरलच्या फ्रॅगसाठी (वाढवायला कापलेल्या छोट्या तुकड्यांसाठी) रॅक घरी कसा बनवायचा? (रत्नागिरी, खाऱ्या पाण्याची टाकी)

दुकानांच्या छतात ट्यूबलाइटखाली पांढरी चौकोनी प्लास्टिकची जाळी असते ना, तीच घ्या. तिला एग क्रेट म्हणतात. भोकं साधारण 13 मिमीची, फ्रॅग प्लगचा (तुकडा ज्यावर चिकटवतात त्या छोट्या बैठकीचा) दांडा त्यात छान बसतो. पक्कडीने कापा, कडा घासा, खाली पीव्हीसी पाइपचे पाय नायलॉनच्या झिप टायने बांधा. पाइपला दोन-तीन भोकं पाडा, नाहीतर आत हवा अडकून अख्खा रॅक तरंगतो.

लोखंडी स्क्रू किंवा तार अजिबात नको. आपल्याकडे खारा वारा खिडकीचे गज खातो, टाकीत तर विचारूच नका! काचेवर चुंबकाने लावायचा असेल, तर चुंबक इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) पूर्ण बुडवलेलं हवं. माझ्या पहिल्या रॅकच्या इपॉक्सीला केसाएवढी चीर होती, महिन्याभरात तिथून गंज उतरला. सिलिकॉन वापरलंत तर बुरशीरोधक नको, अ‍ॅक्वेरियमचंच घ्या.

आणि रॅक भरायला मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणू नका. दगडी प्रवाळ (कोरल) 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, थेट गुन्हा होतो.