डेपोखालच्या विहिरीचं पाणी

प्रश्न : नगरपरिषदेचा कचरा डेपो आमच्या वावराच्या वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यापासून विहिरीचं पाणी पिवळसर झालंय, वासही येतो. उकळून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून प्यायलं तर चालेल का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : नाही. तपासणी होईपर्यंत प्यायला नको, स्वयंपाकालाही नको. कचऱ्यातून झिरपलेलं काळपट पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून उताराकडे उतरतं. उकळल्याने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट तसेच राहतात, पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. टीसीएलनेही ते जात नाहीत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात हे पाणी अजिबात घालू नका. बाळाचे ओठ-नखं निळसर दिसली तर तडक दवाखाना गाठा.

ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत नमुना द्या. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती विसळायची नाही. क्लोराइड, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), नायट्रेटसोबत जड धातूंची तपासणीही लेखी मागा, त्यासाठी वेगळी बाटली लागते. आणि डेपोच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचाही नमुना द्याच. तुलना नसेल तर दोष डेपोचा की खताचा-गोठ्याचा, हे सिद्ध करता येत नाही.