गेरहार्ड रिश्टरची खरी शैली कोणती?

रिश्टर हा जर्मन चित्रकार. एकच माणूस फोटोसारखी चित्रंही काढतो आणि नुसते रंग ओढल्यासारखी अमूर्तही, मग यातला खरा रिश्टर कोणता, असं तुम्ही विचारलंय. मलाही हा माणूस आधी धरसोडीचाच वाटला होता. त्याचं आयुष्य वाचल्यावर मत बदललं.

जन्म १९३२, ड्रेस्डेन. बालपण नाझी राजवटीत गेलं, तरुणपण कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत. तिथल्या कला अकादमीत तो भित्तिचित्रं शिकला; चित्रात काय असावं आणि कसं असावं, दोन्ही वरून ठरलेलं. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यानं कॅनव्हासवर रंग शिंपडून अमूर्त चित्रं काढणाऱ्या अमेरिकन जॅक्सन पोलॉकचं काम पाहिलं आणि हादरला. १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याआधी काही महिने, तो बायकोला घेऊन पश्चिमेत पळाला. ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी!

तिथे त्यानं घरच्या अल्बममधले, वर्तमानपत्रांतले फोटो रंगवायला घेतले. फोटो जसाच्या तसा उतरवायचा आणि रंग ओला असतानाच त्यावर कोरडा ब्रश फिरवून पुसट करायचा. १९६५ च्या ‘टांटे मारियाने’मध्ये तान्हा रिश्टर आहे आणि त्याच्यामागे त्याची किशोरवयीन मावशी. पुढे तिला मनोरुग्ण ठरवून नाझींनी तिची सक्तीनं नसबंदी केली, आणि १९४५ मध्ये उपासमारीनं मारलं. १९६५ चंच ‘ओन्केल रुडी’ म्हणजे लष्करी कोटातला हसरा मामा. (जर्मनमध्ये ओन्केल म्हटलं की काका की मामा कळत नाही, हा आईचा भाऊ.) बळी गेलेली मावशी आणि हिटलरच्या सैन्यातला मामा, दोघांवरून ब्रश सारखाच फिरलाय. मला तर ही दोन चित्रं त्याच्या कोट्यवधींना विकल्या गेलेल्या अमूर्त चित्रांपेक्षा मोठी वाटतात.

१९८० नंतर हातात आली स्क्वीजी, म्हणजे रंग ओढायची लांब सपाट पट्टी. आपल्याकडे स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात तसलीच, पण कधीकधी कॅनव्हासच्या उंचीएवढी. थरावर थर ओढायचे. खालचा रंग कुठे दबेल, कुठे फाटून वर येईल, ते पूर्ण त्याच्या हातात नसतं. पण त्याच काळात तो जळत्या मेणबत्त्याही रंगवत होता आणि १९८८ मध्ये पाठमोऱ्या लेकीचं ‘बेटी’ही. म्हणजे एक शैली संपली आणि दुसरी लागली, असं झालंच नाही.

माझ्या मते ब्रश फिरवणं आणि स्क्वीजी ओढणं ही एकच क्रिया आहे: आधी मांडायचं, मग पुसायचं. २०१४ ची ‘बिर्केनाउ’ ही चार चित्रं पाहा. आउश्वित्झ-बिर्केनाउ छळछावणीत कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून काढलेले चार फोटो त्यानं आधी कॅनव्हासवर उतरवले. मग त्यावर रंग ओढत गेला, इतके की फोटो दिसेनासेच झाले. वर उरलाय काळा, राखाडी, लाल, हिरवा. खाली काय आहे ते ठाऊक असलेल्या माणसाला त्या चित्रांसमोर उभं राहणं जड जातं.

२०१७ मध्ये त्यानं तैलचित्रं थांबवली. त्यानंतर कागदावर रेखाटनं करत राहिला.